निळी पट्टी आणि हिरव्या बांगड्या: कापूस वेचणाऱ्या एका मावशींच्या मनगटाची केस

"मॅडम, माह्या हात झोपते जी. मी झोपत नाई, हात झोपते."

मावशींनी सांगितलेली पहिली तक्रार ही, आणि मी केसपेपरवर जशीच्या तशी उतरवून घेतली कारण याच्यापेक्षा नेमकं वर्णन मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नाही. वय 47, उजवा हात, यवतमाळ जिल्ह्यात कळंब आणि राळेगावच्या मधलं एक गाव, घरची अडीच एकर पऱ्हाटी आणि बाकीचे दिवस दुसऱ्याच्या वावरात मजुरी. मी फिजिओथेरपिस्ट, तालुक्याला छोटं क्लिनिक चालवते. नाव-गाव देत नाहीये, बाकी लिहायचं मावशींना विचारूनच लिहितेय, त्या म्हणाल्या "लिह्य ना, पन माह्या बांगड्याचं बी लिह्य". बांगड्यांचं येईलच पुढे, कारण पट्टीची अर्धी भानगड बांगड्यांपाशीच होती.

त्रास सुरू झाला पोळ्याच्या सुमारास, निंदण चालू असताना. आधी बोटांना मुंग्या, मग भाकर थापताना मनगटातून कळ, आणि दसऱ्यानंतर वेचणी लागली तसं रात्री दोन-अडीचला जाग यायला लागली, उठून हात झटकायचा, खाटेखाली लटकवायचा, पाच-दहा मिनिटांनी परत झोपायचं आणि परत तेच, रात्रीतून तीन-चार वेळा. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी मलम, गरम पाणी, क्रेप बँडेज सगळं करून झालं होतं, एका ठिकाणी दोन "ताकदीची" इंजेक्शनं घेऊन झाली होती, दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी मानेची नस दबली म्हणून सांगितलं तर मानेचा पट्टा पण आणला होता. तो घरी खुंटीला टांगलेला आहे, मी नंतर स्वतः पाह्यला.

मला इथे एकच गोष्ट खटकते. एवढ्या सगळ्या जणांनी हात पाहिला पण दुखणं किती वाजता येते आणि नेमकं कोणत्या बोटात, हे कोणी विचारलंच नाही. मी मावशींना पेन दिला आणि म्हटलं तुमच्याच हातावर रंगवा कुठं झिणझिण येते ते. त्यांनी अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट पूर्ण रंगवलं, अनामिकेवर पेन आणला आणि मधोमध थांबल्या, "इकून अर्धं", आणि करंगळी सोडून दिली. तळहाताच्या बुडाशी पण नाही रंगवलं. झालं, निम्मं निदान तिथेच झालं. मनगटात हाडांची एक वाटी असते, तिच्यावर आडवं जाड लिगामेंट ताणलेलं असते, या बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या आणि त्यांच्या सोबत मीडियन नर्व्ह जाते. ही नस बरोबर साडेतीन बोटांना संवेदना देते, करंगळी दुसऱ्या नसेची, आणि तळहाताच्या बुडाच्या कातडीची बारीक फांदी बोगद्यात शिरायच्या आधीच वेगळी होऊन वरून निघून जाते म्हणून तिथे बधिरपणा येत नाही. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. रात्री का, तर झोपेत आपण मनगट मुडपून घेतो आणि मनगट वाकलं की बोगद्यातला दाब वाढते.

बाकी तपासण्या पण केल्या. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून मनगटं खाली वाकवून ठेवायला सांगितली, एक मिनिट ठेवायचं असते, मावशींना विसेक सेकंदातच मुंग्या आल्या. मनगटावर बोटानं टिचक्या मारल्या तर मधल्या बोटापर्यंत करंट गेला. मान फिरवून, दाबून पाहिली, हाताला काही फरक नाही, म्हणजे मानेचा पट्टा खुंटीलाच बरा. एक गोष्ट मात्र आवडली नाही मला, अंगठ्याच्या बुडाची गादी डाव्या हातापेक्षा जराशी बसलेली दिसत होती, आणि अंगठा वर उचलून धरायची ताकद पण कमी.

आता वेचणीचं. ज्यानं कधी वेचला नाही त्याला वाटते कापूस म्हणजे मऊ काम. बोंड उमललं की त्याच्या नख्या वाळून टोकदार होतात, तीन बोटांची चिमूट करून मनगट वाकवून कापूस असा ओढून घ्यायचा की कचरा नाही आला पाहिजे, मग हात मागे करून ओटीत टाकायचा. मावशी पहिल्या वेच्याला दिवसाचा 40 किलो वेचतात. एका बोंडातून चारेक ग्रॅम कापूस धरला तर ते झाले 10,000 बोंडं, म्हणजे दिवसातून दहा हजार वेळा तीच चिमूट आणि तेच मनगट. मजुरी किलोवर, म्हणून कोणी मध्ये थांबत नाही. वरून संध्याकाळी घरी भाकरी, धुणं पिळणं, पाण्याच्या गुंड्या. मी त्यांना "हाताला आराम द्या" म्हटलं असतं तर त्या हसल्या असत्या, आणि बरोबरच होतं ते.

एवढं बोलून झालं तरी मावशी उठेनात. सुनेला बाहेर पाठवलं, मग अंगठ्याजवळच्या बोटावरचा फोड दाखवला. तव्याचा चटका, दोन दिवसांपूर्वीचा, बसला तेव्हा समजलाच नाही. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, हा तो रोग तं नोहे ना?"

तो रोग म्हणजे कुष्ठरोग. आपल्या विदर्भात हा शब्द कोणी मोठ्यानं बोलत नाही पण वरोऱ्याचं आनंदवन सगळ्यांना माहीत असते, आणि हाताला चटका समजत नाही म्हटलं की गावात बाईच्या मनात पहिला विचार तोच येते. तीन महिने मावशींनी बोटं बधिर होतात हे कोणाला सांगितलंच नव्हतं, फक्त "दुखते" एवढंच सांगत होत्या, म्हणून सगळे दुखण्याचं औषध देत राहिले. वेचणीच्या बायांसोबत एका ताटात जेवणं त्यांनी बंद केलं होतं, कारण विचारलं तर उपास सांगायच्या. मी अंगावर कुठं फिक्कट किंवा बधिर चट्टा आहे का पाहिलं, कोपराच्या मागची नस जाड लागते का चाचपलं, कारण त्या रोगात बहुतेक वेळा तीच नस आधी धरते आणि करंगळी आधी बधिर होते. मावशींची करंगळी एकदम ठणठणीत. तरी पण माझ्या एकटीच्या भरवशावर न ठेवता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला लावलं, तिथल्या डॉक्टरांनी पण नाही म्हटलं. फवारणीचं पण विचारलं होतं, 2017 साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली तेव्हापासून हातापायाला मुंग्या म्हटलं की हा प्रश्न मी चुकवत नाही. मावशी फवारणीला जात नाहीत.

उपचार काय ठरवला तर रात्री स्प्लिंट म्हणजे मनगट सरळ धरून ठेवणारा पट्टा, दिवसा कामाच्या वेळी इलॅस्टिक टेप म्हणजे तीच निळी पट्टी, नस मोकळी सरकायचे दोन-तीन व्यायाम, आणि शुगर व थायरॉइडची रक्ततपासणी.

स्प्लिंटबद्दल एक सांगते कारण हे बऱ्याच ठिकाणी चुकते. दुकानात मिळणाऱ्या पट्ट्यात आतून एक अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते आणि ती बहुतेक वेळा मनगट 20-30 अंश वर उचललेलं राहील अशी वाकवलेली असते. आपल्याला या दुखण्यात मनगट सरळ पाहिजे, ना वर ना खाली. मी ती पट्टी बाहेर काढून टेबलाच्या कडेवर दाबून सरळ केली आणि परत घातली. बस, एवढंच काम, पण ते केलं नाही तर पेशंट रात्रभर पट्टा घालूनही कुरकुर करत राहते.

दिवसा स्प्लिंट घालून वेचणी होत नाही, मनगट अडकून राहते. म्हणून टेप. ही टेप 1970 च्या दशकात जपानच्या केंझो कासे नावाच्या कायरोप्रॅक्टरनं काढली आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या अंगावर रंगीत पट्ट्या दिसल्या तेव्हापासून जगभर पसरली. सुती कापड, त्याला अ‍ॅक्रेलिकचा गोंद, लांबीच्या बाजूनं ताणते, आडवी ताणत नाही. 5 सेंटीमीटर रुंद, 5 मीटरचा रोल. कंपन्या म्हणतात की ही कातडी वर उचलते, खाली जागा होते, दाब कमी होते. माझं मत विचाराल तर मनगटातलं ते लिगामेंट जाड आणि खोल असते, वरून कातडीला चिकटवलेल्या कापडानं ते उचललं जाईल हे मला पटत नाही. जे काही अभ्यास झाले ते बहुतेक लहान आहेत, थोड्या दिवसांसाठी दुखणं कमी झाल्याचं काहींत दिसते, त्याच्या पलीकडे छातीठोक सांगण्यासारखं नाही. मला जास्त पटते ते हे की कातडीवर सतत हलका ओढा राहिला की दुखण्याचा संदेश वर जाताना थोडा दबते, लागलेल्या जागेवर आपण हात चोळतो तसं, मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी 1965 मध्ये मांडलेली गेटची कल्पना. आणि दुसरं म्हणजे मनगट जास्त वाकलं की पट्टी ओढते आणि बाईला आठवते की अरे, सरळ ठेवायचं होतं.

तर पट्टी लावायला घेतली आणि बांगड्या आडव्या आल्या. उजव्या हातात आठ हिरव्या काचेच्या. पट्टी तळहातापासून कोपराच्या आतल्या बाजूपर्यंत जाते, म्हणजे बांगड्यांच्या खालूनच. मी सहज म्हटलं काढून ठेवा, मावशींचा चेहरा पडला. सून म्हणाली "मॅडम, मामाजी हायेत अजून". मला माझीच लाज वाटली, मी पण इथलीच, मला हे सांगायला लागावं? शेवटी बांगड्या वर कोपराकडे सरकवल्या, रुमालानं बांधल्या, पट्टी चिकटवली आणि परत खाली सोडल्या. वाटलं, जमलं.

नाही जमलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनेचा फोन, हात लाल झाला, खाज सुटली. इथे चूक माझी होती आणि एक नाही तीन. त्या दिवशी बाजार होता, बाहेर दहा लोक बसलेले, घाईत मी पट्टी शेवटपर्यंत ताणून चिकटवली, खरं तर दोन्ही टोकं बिलकुल न ताणता ठेवायची असतात नाहीतर सगळा ओढा टोकाच्या कातडीवर येते. दुसरं, आधी छोटा तुकडा लावून एक दिवस पाहायला पाहिजे होतं, ते केलं नाही. तिसरं, हाताला खोबरेल लावलेलं होतं, मी वरवर पुसलं, त्याच्यामुळे पट्टी मधून सुटली आणि बांगड्या मागे-पुढे घासून कडा गोळा झाल्या. मावशींनी ती खर्रकन ओढून काढली तर कोपराजवळ रुपयाएवढी साल निघाली. पाच दिवस काहीच लावलं नाही, फक्त रात्रीचा पट्टा चालू ठेवला.

दुसऱ्यांदा मी त्यांच्या घरीच गेले, रविवारी. आधीच्या दिवशी पोटरीवर दोन बोटांचा तुकडा लावून ठेवायला दिला होता, तिथे काही झालं नाही. हात साबणानं धुतला, कोरडा केला. पट्टी कशी लावली ते नीट सांगते:

मोठी पट्टी 30 सेंटीमीटर कापली आणि चारही कोपरे कात्रीनं गोल केले, चौकोनी कोपरा आधी उचकटते. एक टोक चार बोटं दुमडून घडीवर दोन छोटी तिरपी कापं दिली, उघडल्यावर दोन भोकं होतात, त्यातून मधलं बोट आणि अनामिका घातली म्हणजे पट्टी तळहातावर धरून राहते, कामात सुटत नाही. मग मावशींना म्हटलं कोपर सरळ, मनगट मागे वाकवा, जसं कोणाला थांब म्हणून हात दाखवतो तसं. त्या अवस्थेत पट्टी तळहातावरून हाताच्या आतल्या बाजूनं कोपराकडे नुसती ठेवत गेले, ताण अगदी हलका, कागदावर ती जेवढी ताणलेली येते त्याच्यापेक्षा थोडासाच जास्त. शेवटची चार बोटं बिनताणाची. दुसरी छोटी पट्टी 12 सेंटीमीटरची मनगटावर आडवी, मधल्या भागाला थोडा ताण, टोकं मोकळी, आणि महत्त्वाचं म्हणजे गोल गुंडाळली नाही, मनगटाच्या मागच्या बाजूला जागा उघडीच ठेवली. मनगटाभोवती पूर्ण वेढा दिला की आपणच आवळतो त्या नसेला. मग तळहातानं चोळली, गोंद उबेनं धरतो. हे सगळं घाम यायच्या तासभर आधी.

बांगड्यांचा उपाय मावशींनीच काढला. लग्नातल्या जुन्या जरा मोठ्या मापाच्या चार काढल्या, आठाच्या जागी त्या घातल्या आणि जुन्या मोज्याचं बोटाकडचं टोक कापून त्याची बाही पट्टीवर चढवली, बांगड्या त्याच्या वरून. कडा घासणं बंद. शिवाय ओटीत हात घालताना कापसाचे तंतू गोंदाला चिकटून पट्टीची कड काळी व्हायची ते पण थांबलं. हे मला कुठल्या कोर्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं, आता मी सगळ्या वेचणीवाल्या बायांना मोजा सांगते.

अशी पट्टी चार दिवस टिकायची. काढताना आंघोळीच्या वेळी तेल लावून, केसांच्या दिशेनं, कातडी दाबून धरत हळूहळू. दोन्ही पट्ट्या मिळून 42 सेंटीमीटर, म्हणजे एका रोलमध्ये अकरा वेळा, दीड महिना जाते. रोल मला चारशेच्या आसपास पडला. दोन वेळा मी लावली, तिसऱ्यांदा सुनेनं माझ्यासमोर लावली, नंतर मला यष्टीचं भाडं घालून यायची गरज पडली नाही.

रिपोर्ट आले, शुगर नॉर्मल, थायरॉइड मात्र कमी काम करतंय असं निघालं. त्यात अंगात सूज धरते, बोगद्यात पण धरते. ग्रामीण रुग्णालयातून गोळी सुरू झाली. आणि खुरपं-विळ्याची मूठ चिंधी गुंडाळून जाड करायला सांगितली, बारीक मूठ आवळून धरायला जास्त जोर लागते.

फरक? दुसऱ्या आठवड्यात रात्रीची जाग एकवर आली, महिन्याभरात बहुतेक रात्री सलग झोप. वेचणीत दुखणं त्या आधी दहापैकी सात सांगायच्या, पट्टी असली की चार, पट्टी नसली की पाच-सहा. आता कोणी विचारेल नेमकं कशानं बरं वाटलं, तर स्प्लिंट, टेप आणि गोळी सगळं एकाच महिन्यात सुरू झालं, मी वेगळं करून सांगू शकत नाही. अंदाजच बांधायचा तर रात्रीच्या झोपेचं श्रेय मी स्प्लिंटला देईन, पट्टीला नाही. मावशी मात्र सगळं श्रेय निळ्या पट्टीलाच देतात आणि त्याचं कारण मला वावरात गेल्यावर कळलं.

धुऱ्यावर जेवायला बसल्या होत्या सगळ्या. एकीनं विचारलं काऊन वं, काय झालं हाताले. मावशींनी मोजा खाली करून पट्टी दाखवली, अगदी थाटात, "नस दबली वं माही. डाक्टरीनबाईनं पट्टी लावली, आलंपिकवाले लावते ते." आणि त्याच हातानं समोरच्या ताटातलं आंबाडीच्या भाजीचं बोट चाटलं. तीन महिने जी बाई वेगळं खात होती ती. स्प्लिंट रात्री घरात घालायचा, गोळी डब्यात, रिपोर्ट पिशवीत. दिसणारी वस्तू एकच, पट्टी. ती पाहून लोकांना समजलं की नसेचं दुखणं आहे, आणि मला वाटते मावशींना स्वतःलाही त्या दिवशीच खरं वाटलं, माझ्या सांगण्यानं किंवा सरकारी डॉक्टरच्या सांगण्यानं पूर्ण वाटलं नव्हतं.

याचा उलटा परिणाम पण झाला, पुढच्या बाजारी पाच जणी निळी पट्टी मागायला. एकीची करंगळी बधिर, ती नस वेगळी आणि तिला मी सरळ आरोग्य केंद्रात पाठवलं. एकीचं दुखणं अंगठ्याच्या बाजूच्या दोऱ्यांचं. एक तर मेडिकलमधून साधी चिकटपट्टी घेऊन मनगटाभोवती चार वेढे देऊन आली होती, बोटं सुजलेली, ती आधी कापून काढली.

अंगठ्याची गादी मात्र भरली नाही. दिवाळीनंतर नागपूरला नसेची तपासणी केली, मध्यम दाब निघाला. तिथल्या सर्जननी सांगितलं की बधिरपणा वाढला किंवा अंगठ्याची ताकद अजून कमी झाली तर वेळ काढू नका, ते लिगामेंट कापून नस मोकळी करू, छोटं ऑपरेशन आहे. मावशी म्हणाल्या हंगाम होऊ द्या. मी होकार दिला पण दर पंधरा दिवसांनी अंगठा तपासायच्या अटीवर, कारण पट्टीनं दुखणं दबते पण गादी बसत राहिली तर पट्टी ते सांगत नाही.

संक्रांतीला वाण घेऊन आल्या. हातात नव्या बांगड्या, पूर्ण डझन, पट्टी नव्हती. अंगठ्याची ताकद तेवढीच, ना कमी ना जास्त. मधल्या बोटाच्या टोकाला अजून जाड कापड घातल्यासारखं वाटते म्हणाल्या, ते लिहून घेतलं, होळीनंतरची तारीख दिली. तूर सोंगायला जायचं होतं म्हणून विळा सोबतच होता, पिशवीतून मूठ बाहेर आलेली. मुठीला चिंधी नव्हती. उरलेली निळी पट्टी चार पदर गुंडाळली होती, आणि शेवटच्या टोकाचे कोपरे कात्रीनं गोल कापलेले.

"टोकाले ताण नाई देल्ला," मावशी म्हणाल्या.